कुत्री वीत असताना आपण काय करायचं?

मंडळी, काळजी कुठे संपते आणि लुडबुड कुठे सुरू होते? आज घरातलंच उदाहरण घेऊ.

आमची कुत्री पहिल्यांदा व्याली तेव्हा आम्ही हौसेनं तिचं खोकं दिवाणखान्यात, दिव्याखाली ठेवलं. सगळं घर भोवती. तिच्या कळा चक्क थांबल्या! फोनवर डॉक्टर म्हणाले, आधी माणसं हटवा. खोकं मागच्या खोलीत नेलं, एकच जण दाराशी बसला, आणि मग पहिलं पिल्लू आलं. म्हणजे आमचं बघणंच तिला नडत होतं.

कुत्रीचे दिवस साधारण 63. शेवटच्या आठवड्यात गुदद्वारातून रोज दोनदा तापमान घ्यावं. एरवी ते 38 अंश सेल्सियसच्या वर असतं, 37.5 च्या खाली उतरलं की बहुधा 24 तासांत कळा सुरू होतात. ती खात नाही, धापा टाकते, अंथरूण उकरते. उकरू द्यावं. पिल्लू शेपटीकडून आलं तरी घाबरू नये, कुत्र्यांत ते नेहमीचंच आहे.

आपलं काम बहुतेक वेळ घड्याळ बघण्याचं. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू नाही, पोटात पिल्लं असून 2 तास काहीच नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव, म्हणजे वार सुटली, असं दिसलं तर तडक डॉक्टर गाठावा. कळांचं इंजेक्शन घरी अजिबात नको. पिल्लू अडकलेलं असलं तर गर्भाशय फाटू शकतं.

सॉक्रेटिसची आई सुईण होती, आणि प्लेटोच्या ‘थिएटेटस’मध्ये तो स्वतःलाही सुईणच म्हणवतो. जन्म देणारा दुसराच, सुईण फक्त सोबतीला, असं आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. पण सुईणीला हातही चालवावे लागतात, हे जरा कमीच सांगितलं असावं. कारण तिसरं पिल्लू पिशवीतच होतं आणि आई दुसऱ्याला चाटण्यात गुंतलेली. अशा वेळी मिनिटभरही फार होतं. आम्ही नाकापाशी पिशवी फाडली, नाकतोंड पुसलं, कोरड्या टॉवेलनं अंग चोळलं. नाळ ओढायची नाही हं. पोटापासून बोटभर अंतरावर स्वच्छ दोऱ्यानं बांधायची आणि गाठीच्या पलीकडे कापायची.

पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गार पडलं असेल तर आधी ऊब, मग दूध. आईचा चीक मात्र पहिल्या दिवसातच पोटात जायला हवा. आमचं ते तिसरं चिरकलं, तेव्हा तिच्या कुशीत ठेवलं. तिनं बराच वेळ हुंगलं, आमच्या हाताचा वास असणार, आणि मग चाटायला लागली.