नंबर कोणी कोणाला द्यायचा?

आता बघा, नगर जिल्ह्यातला एक ख्रिस्ती मुलगा अंधेरीच्या कॉलेजात अकरावीला येतो. ओळखीचं कोणी नाही. ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन 1924 पासून आहे. मोबाइल नव्हता तेव्हाही मुलं जोडली गेलीच ना?

आता व्हॉट्सअ‍ॅप आहे, सोय मोठी. पण साध्या ग्रुपमध्ये टाकलं की त्याचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि नंबरासोबत त्याचा धर्मही. तो वर्गात सांगायचा की नाही, हे त्याने ठरवायचं होतं. आम्ही तत्त्वज्ञानवाले याला स्वायत्तता म्हणतो. म्हणून प्रवेशाच्या यादीतून नंबर उचलणं मला मान्य नाही, हेतू कितीही चांगला असो. चर्चच्या दारावर क्यूआर कोड लावा. वाटलं तर तो स्कॅन करील. कम्युनिटीच्या घोषणा-गटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. अ‍ॅडमिनला मात्र दिसतात, तेव्हा अ‍ॅडमिन जपून निवडा.

आणखी एक. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा तो बालक, म्हणजे पालकांची संमती हवी. फॉर्मवर तसा रकाना ठेवा.

आणि पहिला निरोप प्रार्थनासभेचा नको. जवळ खानावळ कुठे आहे, ते कळवा.