आम्लपित्त आणि अल्कलाइन पाणी



दिव्याला राहणाऱ्या आमच्या मेहुण्यांना आम्लपित्ताचा जुना त्रास. त्यांनी अल्कलाइन पाण्याचे यंत्र घेतले. महिन्याने म्हणाले, "दाजी, फरक पडला!" पण त्याच महिन्यात चहा-तिखटही कमी केले होते. मग गुण कुणाचा?

नव्या खताची परीक्षा घेताना आपण शेजारी चार सऱ्या बिनखताच्या ठेवतो. तसेच केले. पंधरा दिवस साधे पाणी, पंधरा दिवस यंत्राचे. कोणते ते फक्त वहिनींना ठाऊक. जेवण तेच, नोंद रोज. जळजळ दोन्हीकडे सारखीच!

जठररसाचा सामू सुमारे १.५ ते ३.५, नुसत्या ९ सामूच्या पाण्याचा तिथे कितीसा टिकाव लागणार? एका घरची नोंद म्हणजे सिद्धांत नव्हे. पण यंत्र घेण्याआधी जेवणाची वेळ सांभाळा. वजन घटले, शौचास काळी झाली, तर पाण्यावर विसंबू नका, डॉक्टर गाठा.