डाळिंबाची वाट : आकाशातून की समुद्रातून?

तुमच्यापैकी कोणी संगमनेर, राहाता किंवा राहुरीकडचा असेल, तर ‘भगवा’ डाळिंब त्याला नवे नाही. ही जात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने २००३-०४ साली प्रसारित केली. आज तिची फळे परदेशी जातात. काही विमानाने, काही जहाजाने. यांपैकी कोणत्या वाटेने जाताना अधिक कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात सुटतो? उत्तर तुम्ही ओळखलेच असेल. पण फरक किती आणि तो का, हे पाहण्यासारखे आहे.

टेबलपंखा लावा आणि त्याच्यासमोर एक पुठ्ठा, पंख्याकडची कड किंचित वर करून, धरा. पुठ्ठा वर उचलला जातो. पण त्याच वेळी मागेही रेटला जातो. विमानाच्या पंखांचे असेच आहे. वर उचलणारे बल मिळवायचे तर हवेचा रोध सोसावाच लागतो. मोठ्या विमानात हा रोध वजनाच्या सुमारे अठराव्या हिश्शाइतका असतो. म्हणजे हवेतल्या दर टन वजनामागे इंजिनांना साधारण ५५ किलोग्रॅम-भार इतका रेटा सतत द्यावा लागतो. तोच टन ट्रकमध्ये ठेवा. सपाट रस्त्यावर टायरांचा विरोध ७ ते १० किलोग्रॅम-भार. पोलादी रुळांवर पोलादी चाक असेल तर १ ते २. जहाजाला तर पाणीच तोलून धरते, आणि आर्किमिडीजच्या या बलासाठी थेंबभरही इंधन लागत नाही! पाणी कापत बेताच्या वेगाने जायला मोठ्या जहाजाला टनामागे एक-दोन किलोग्रॅम-भार पुरतो.

आता थोडे गणित. १ टन माल १ किलोमीटर नेताना ढोबळमानाने विमान ५०० ग्रॅम, ट्रक १०० ग्रॅम, मालगाडी २० ते ३० ग्रॅम आणि कंटेनरचे जहाज १० ते २० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. म्हणून १ किलो डाळिंबामागे सव्वासहा किलो वायू! १ किलो विमान-इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डाय-ऑक्साइड होतो. तेव्हा एक किलो फळासाठी जवळजवळ दोन किलो इंधन जळाले. जहाज आफ्रिकेला वळसा घालून २२,००० किलोमीटर गेले, तरी हा आकडा ३३० ग्रॅमच्या आसपास येतो. कंटेनर थंड ठेवण्याच्या विजेसाठी तो दुप्पट धरा, बागेपासून न्हावाशेवा बंदरापर्यंतच्या ट्रकचे २५ ग्रॅम मिळवा. तरी एक किलो भरत नाही.

कोणी म्हणेल, पुष्कळसा माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो, ते विमान उडणारच होते. युक्तिवाद लंगडा आहे. वाढलेले वजन उचलायला जादा इंधन लागतेच, आणि मालाचे भाडे मिळते म्हणूनही काही फेऱ्या परवडतात.

मग विमान का? कारण वेळ. विमानाला एक दिवस पुरतो, जहाजाला अनेक आठवडे, आणि फळ तर नाशवंत. येथे डाळिंबाचा एक गुण उपयोगी पडतो. झाडावरून तोडल्यावर ते आणखी पिकत नाही. त्याचा श्वसनवेग एकदम उसळत नाही, हळूहळू मंदावतो. सुमारे ५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्क्यांवर आर्द्रता राखली, की तो आणखी मंद होतो. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या साहाय्याने केलेल्या चाचणीत फळे ६० दिवसांपर्यंत टिकवता आली. अमेरिकेला २०२३ साली भारतीय डाळिंबांची चाचणी-खेप विमानाने गेली होती. मार्च २०२५ मध्ये सुमारे १४ टन भगवा डाळिंबे, ४,६२० पेट्यांतून, समुद्रमार्गे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचली.

हापूसचे दुखणे निराळे. तो तोडल्यावरच पिकतो, त्याचा श्वसनवेग उसळतो, आणि फार थंडी दिली तर साल काळवंडते. म्हणून अमेरिकेला जाणारा हापूस बहुतेक विमानानेच जातो.