मिरवणूक आणि कोटाखालचें पिस्तूल

ता. १४ जून २०२५ रोजीं अमेरिकेंतील यूटा संस्थानच्या राजधानींत, सॉल्ट लेक सिटींत, सरकारच्या धोरणाचा निषेध करणाऱ्या हजारों नागरिकांची मिरवणूक चालली होती. व्यवस्थेसाठीं नेमलेल्या एका स्वयंसेवकास गर्दीजवळ रायफल घेतलेला एक माणूस दिसला. त्या माणसानें एकहि गोळी झाडलेली नव्हती. स्वयंसेवकानें मात्र आपलें पिस्तूल काढून तीन बार काढले. रायफलवाला जखमी झाला, आणि मिरवणुकींत सामील झालेला एक निरपराध मनुष्य गोळी लागून प्राणास मुकला. रायफल उघडपणें रस्त्यानें नेणें हा त्या संस्थानांत गुन्हा नव्हे. पिस्तूल कपड्याखालीं लपवून नेण्यासहि तेथें २०२१ पासून २१ वर्षांवरील नागरिकास परवान्याची गरज उरलेली नाहीं. रायफल घेतलेल्या माणसाच्या मनांत काय आहे हें स्वयंसेवकास कळण्याचा मार्ग नव्हता, आणि विचार करावयास वेळहि नव्हता.

हा प्रसंग ऐकणाऱ्या भारतीय श्रोत्यास पहिला प्रश्न सुचतो तो हा कीं, एवढ्या गर्दींत शस्त्र नेण्याची मुभा मुळीं असतेच कशी? आपल्याकडे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यापासून शस्त्र बाळगणें ही सरकारनें दिलेली सवलत समजली जाते, आणि स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेंहि ती कल्पना पालटली नाहीं. अमेरिकेंत उलट १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीनें शस्त्र बाळगणें हा लोकांचा हक्क म्हणून नोंदला गेला आहे. सवलत ही दिली तशी काढूनहि घेतां येते. हक्काला मर्यादा घालावयाची तर ती कां, कोठें आणि किती, हें न्यायालयाला पटवावें लागतें. त्यांतच पन्नास संस्थानांचीं पन्नास कायदेमंडळें, म्हणून एका संस्थानांत जें निर्दोष तें सीमा ओलांडतांच तुरुंगांत नेणारें ठरतें.

या वादाचा धागा बराच मागें जातो. इंग्लंडांत तिसऱ्या एडवर्डच्या राज्यांत १३२८ सालीं नॉर्दम्प्टनचा कायदा झाला. जत्रेंत, बाजारांत किंवा राजाचे न्यायाधीश बसले असतील तेथें कोणीहि, लहान असो वा थोर, सशस्त्र फिरूं नये असें त्यानें फर्माविलें. १६८६ सालीं ब्रिस्टॉलच्या सर जॉन नाइट या गृहस्थावर प्रार्थनामंदिरांत शस्त्र घेऊन गेल्याबद्दल या कायद्याच्या आधारें खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. लोकांस भय घालण्याचा हेतु नसेल तर शस्त्र चालतें असा या सुटकेचा अर्थ घ्यावयाचा, कीं ज्यूरीनें एका माणसाला सोडलें एवढाच घ्यावयाचा, यावर अमेरिकन न्यायालयांत अद्यापि पानेंच्या पानें खर्ची पडतात. न्यायाधीशांना इतिहासकाराचें काम दिलें म्हणजे असें व्हावयाचेंच.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत जो विचार रूढ होता तो आजच्या माणसास चमत्कारिक वाटेल. कमरेला उघड लटकणारें शस्त्र हें सरळ, मर्दानी वागणुकीचें चिन्ह समजलें जाई. अंगरख्याखालीं दडविलेली कट्यार किंवा पिस्तूल हें दगाबाज मारेकऱ्याचें लक्षण. म्हणून १८१३ सालीं केंटकी आणि लुइझियाना या संस्थानांनीं जीं पहिलीं बंधनें घातलीं तीं लपविलेल्या शस्त्रावर. केंटकीच्या न्यायालयानें १८२२ सालीं तो कायदा रद्द ठरविला, एका माणसाच्या काठींत दडविलेल्या तलवारीच्या निमित्तानें. संस्थानानें १८५० च्या नव्या राज्यघटनेंत गुप्त शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार कायदेमंडळास मुद्दाम लिहून दिला, तेव्हां तो प्रश्न मिटला. आज लोकांची भावना पुष्कळ अंशीं उलटी झाली आहे. उघडी रायफल दिसली कीं जमाव घाबरतो, आणि कोटाखालचें पिस्तूल दिसत नाहीं म्हणून सभ्य ठरतें. परंतु न दिसणारें शस्त्र धोका कमी करीत नाहीं. तें फक्त भय कमी करतें, आणि या दोन गोष्टी एकच आहेत असें समजणें ही गफलत होय.

यादवी युद्धानंतर जमावाचा विचार कायद्यांत स्वतंत्रपणें आला. टेनेसीनें १८६९ सालीं निवडणूक, जत्रा, घोड्यांच्या शर्यती आणि लोकांचा कोणताहि सार्वजनिक मेळावा येथें शस्त्र नेण्यास मनाई केली. टेक्सासनें १८७० सालीं प्रार्थनामंदिर, शाळा, नाचाची जागा व मेजवानी यांची यादी दिली. चित्रपटांनीं ज्या पश्चिम भागाला बंदुकांचें मोकळें रान म्हणून रंगविलें, तेथील टूम्बस्टोन गांवानें एप्रिल १८८१ मध्यें गांवाच्या हद्दींत प्राणघातक शस्त्र बाळगण्यासच बंदी केली होती. त्याच वर्षीं २६ ऑक्टोबरला तेथें झालेली प्रसिद्ध चकमक ही बंदी न जुमानणाऱ्यांचीं शस्त्रें काढून घेण्यास गेलेल्या अधिकाऱ्यांशीं झालेली होती. पडद्यावर गोळ्या दिसतात, ठराव दिसत नाहीं.

विसाव्या शतकांत परवान्यांचें युग आलें. न्यूयॉर्कनें १९११ सालीं परवाना देणें न देणें अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोंपविलें; पुढें पुढें बहुतेक संस्थानांनीं अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकास परवाना द्यावाच असें ठरविलें, आणि २०२४ अखेर २९ संस्थानांत परवान्याचीच अट उरली नव्हती. सर्वांत शेवटीं वळलें तें इलिनॉय. डिसेंबर २०१२ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें त्याची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरविली, आणि जुलै २०१३ मध्यें गव्हर्नरचा नकार बाजूस सारून कायदेमंडळानें गुप्त शस्त्राचा कायदा मंजूर केला.

मिरवणुकीचें खरें कोडें या इलिनॉयच्या कायद्यांत पाहावें. शाळा किंवा न्यायालय यांना भिंती असतात, दार असतें, दारावर पाटी लावतां येते. मिरवणुकीला दार कोठलें? ती सकाळीं दहाला रस्त्यावर येते आणि दुपारीं रस्ता पुनः रस्ता होतो. म्हणून कायद्यानें परवानगीचा आधार घेतला: ज्या सार्वजनिक मेळाव्यास स्थानिक सरकारची परवानगी लागते तेथें परवानाधारकासहि पिस्तूल नेतां येत नाहीं. पण मार्गावर ज्याचें घर किंवा दुकान आहे, अथवा गर्दीपलीकडे ज्याची मोटार उभी आहे, त्यानें काय करावें? त्याला तेथवर पोचण्यासाठीं जमावांतून चालत जाण्याची सूट त्याच कलमांत दिली आहे. तो खरोखर घरीं चालला आहे कीं वाद्यें ऐकत रेंगाळला आहे, हें रस्त्यावरच्या पोलिसानें ठरवावयाचें.

नॉर्थ कॅरोलायनाची तऱ्हा आणखी निराळी. तेथील ग्रीन्सबरो शहरांत ३ नोव्हेंबर १९७९ रोजीं एका निषेध मोर्चाच्या वेळीं झालेल्या गोळीबारांत पांच माणसें मेलीं होतीं. १९८१ सालीं त्या संस्थानानें मिरवणूक, प्रेतयात्रा, संपकऱ्यांची निदर्शनें व मोर्चे या सर्व ठिकाणीं भाग घेणाऱ्यास आणि पाहणाऱ्यासहि घातक शस्त्र बाळगण्यास मनाई केली. मात्र सणाच्या मिरवणुकींत मोटारट्रकच्या फळीवर ठेवलेल्या रायफली तिनें वगळल्या, कारण खेड्यांत त्या तशा असावयाच्याच! २०१३ सालीं परवानाधारकांना मिरवणूक व प्रेतयात्रा यांची मोकळीक मिळाली, पण निदर्शनांची मिळाली नाहीं. तोच रस्ता, तींच माणसें. हातांत पताका असली तर पिस्तूल कायदेशीर आणि निषेधाचा फलक असला तर बेकायदा.

अशा बंदीनें काय साधतें? ४ जुलै २०२२ रोजीं इलिनॉयमधील हायलंड पार्क येथें स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर एका तरुणानें छपरावरून रायफल चालविली व सात माणसें मारलीं. त्या मिरवणुकींत पिस्तूल नेण्यास बंदी होती, आणि अशा माणसास ती अडवूं शकत नव्हती, हें बंदीचे विरोधक दाखवून देतात आणि तें खरें आहे. परंतु छपरावरील रायफलीपुढें गर्दींतील पिस्तुलें काय करतीं, याचें उत्तर ते सहजीं देत नाहींत. कॅन्सस सिटीची गोष्ट वेगळी. मिसुरी संस्थानांत २०१७ पासून गुप्त शस्त्रास परवाना लागत नाहीं आणि शहरांना स्वतःचे अधिक कडक नियम करतां येत नाहींत. १४ फेब्रुवारी २०२४ रोजीं फुटबॉल संघाच्या विजयोत्सवांत, ८०० हून अधिक पोलिस हजर असतां, परस्परांशीं भांडलेल्या माणसांनीं गोळ्या झाडल्या. एक स्त्री मेली, वीसहून अधिक जखमी झाले. तेथें कोणी कत्तलीचा बेत करून आलें नव्हतें. बाचाबाचीच झाली, पण हात खिशांत गेला तेव्हां खिसा रिकामा नव्हता. मिरवणुकींत पिस्तुलाची खरी भीति वेड्या मारेकऱ्यापेक्षां अशा साध्या भांडणाची आहे, आणि बंदीचा उपयोग झालाच तर तेथें होईल.

जून २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें न्यूयॉर्कचा जुना कायदा सहा विरुद्ध तीन मतांनीं रद्द केला. घराबाहेर शस्त्र नेण्याचा हक्क मान्य झाला. काहीं ‘नाजूक स्थळें’ वगळतां येतील, पण त्यांना देशाच्या इतिहासांत आधार दाखविला पाहिजे, आणि केवळ गर्दी व पोलिस आहेत म्हणून सारें मॅनहॅटन नाजूक ठरत नाहीं, असें न्यायमूर्ति क्लॅरेन्स थॉमस यांनीं लिहिलें. न्यूयॉर्कनें लगेच नवा कायदा करून टाइम्स स्क्वेअर चौकाला नाजूक स्थळांत घातलें व तेथें पाट्या लावल्या. जून २०२४ मध्यें त्याच न्यायालयानें जुन्या कायद्याचें हुबेहूब जुळें सांपडलेंच पाहिजे असें नाहीं, तत्त्व जुळलें म्हणजे पुरे, अशी सवलत दिली. तरीहि त्याच वर्षीं सप्टेंबरांत पश्चिम किनाऱ्याच्या वरिष्ठ न्यायालयानें कॅलिफोर्नियाची उद्यानांतील, ग्रंथालयांतील व मद्यगृहांतील बंदी चालूं ठेवली, पण परवानगी लागणाऱ्या मेळाव्यांवरील बंदी रोखून धरली.

हजारों मराठी कुटुंबें राहतात त्या न्यू जर्सी संस्थानानें डिसेंबर २०२२ मध्यें केलेल्या कायद्यांत सरकारी परवानगीच्या मेळाव्यापासून १०० फुटांच्या आंत, मेळावा चालू असेपर्यंत, पिस्तूल नेण्यास मनाई लिहिली. या कायद्यावर न्यायालयांत दावे झाले. त्या शब्दांप्रमाणें तेथील मराठी मंडळीनें नगराची परवानगी काढून गणपतीची मिरवणूक रस्त्यानें नेली तर तीहि या १०० फुटांच्या कक्षेंत येते. सभागृहाच्या खासगी आवारांतच लेझीम खेळून विसर्जन केलें, आणि परवानगीची गरज पडली नाहीं, तर या कलमानें येत नाहीं.