मेंदूची तहान

उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येते, तेव्हा अम्मी काय करतात? कुठून तरी दोन हंडे जास्त मिळवतात आणि घरातला वापर कमी करतात. डोक्याला जबर मार लागलेल्या रोग्यासाठी डॉक्टरही हीच दोन कामे करतात. तेथे प्रश्न पाण्याचा नसतो, प्राणवायूचा असतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. पण शरीर वापरते त्यापैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकट्या मेंदूला लागतो. हंडे भरून ठेवावेत, तसा तो मेंदूला साठवता येत नाही. रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांतच पेशी मरू लागतात.

मार लागल्यावर मेंदू सुजतो. पाय सुजला तर कातडी ताणली जाते; कवटी मात्र हाडाची, ती ताणत नाही. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि रक्त आत शिरणे कठीण होते. पहिला मार क्षणाचा असतो. हे दुसरे नुकसान मात्र पुढे काही दिवस होऊ शकते. ते टाळता येते.

त्यासाठी आधी पुरवठा सांभाळतात. प्राणवायू देतात, गरज पडल्यास यंत्राने श्वास देतात. रक्तदाब घसरू देत नाहीत. डोके सुमारे ३० अंश उंच आणि मान सरळ ठेवतात, म्हणजे डोक्यातले रक्त सहज परत वाहते आणि दाब उतरतो.

मग मागणी कमी करतात. तापाने व झटक्यांनी मेंदूची गरज वाढते, म्हणून ते आवरतात. औषधाने रोग्याला गाढ झोपवतात. ती झोप पाहून नातेवाईक घाबरतात. पण तीच मेंदूची विश्रांती असते.

आणि आपण? अपघातात बेशुद्ध पडलेल्या माणसाला पाणी पाजू नका. ते श्वासनलिकेत जाते. त्याची मान हलवू नका. गर्दी न करता लगेच १०८ क्रमांकावर फोन करा. अब्बांच्या मोटारसायकलवर बसताना दोघेही हेल्मेट घाला. डॉक्टरांच्या साऱ्या उपायांपेक्षा तो उपाय सोपा आहे.

शब्दार्थ : जबर – जोराचा, शुद्ध हरपणे – बेशुद्ध होणे, आवरणे – ताब्यात ठेवणे.

स्वाध्याय
१. मेंदूला सूज आल्यावर दाब का वाढतो?
२. रोग्याला औषधाने का झोपवतात?
३. बेशुद्ध माणसाला पाणी का पाजू नये?