नाताळ सण आणि मुस्लिम बांधव : इस्लामी धर्मशास्त्र काय म्हणते?

नाताळ जवळ आला की आपल्यापैकी अनेक कुटुंबे मुस्लिम शेजाऱ्यांना व सहकाऱ्यांना घरी आमंत्रण देतात. कोणी आनंदाने येतात, फराळ घेतात, शुभेच्छा देतात. कोणी येतात, परंतु गोठ्यासमोरील प्रार्थना सुरू होताच बाहेर थांबतात. कोणी शुभेच्छा देण्याचेही टाळतात. अशा वेळी त्यांच्या मनात आपल्याविषयी आकस आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. वास्तविक या भिन्न वागण्यामागे इस्लामी धर्मशास्त्रातील शतकानुशतकांची चर्चा आहे. तिचा थोडक्यात परिचय करून देण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम मूळ अडचण लक्षात घ्यावयास हवी. कुराणात हजरत ईसा यांना थोर प्रेषित मानले असून मरियमेच्या कौमार्याचा आदराने उल्लेख आहे. तिच्या नावाचा एक संपूर्ण अध्यायही आहे. मात्र येशू हा देवाचा पुत्र आहे, ही आपली श्रद्धा कुराण स्वीकारत नाही. नाताळ हा देव मानव झाल्याचा सोहळा असल्याने, त्यात सामील होणे म्हणजे त्या श्रद्धेला संमती देणे होईल काय, हा प्रश्न मुस्लिम विद्वानांसमोर उभा राहतो.

जुन्या शास्त्रकारांपैकी अनेकांचे उत्तर 'होय' असे होते. मदिनेत पूर्वी पाळल्या जाणाऱ्या दोन दिवसांच्या जागी मुसलमानांना दोन ईद मिळाल्या, असे एका हदीसमध्ये सांगितले आहे. या व अशा वचनांच्या आधारे इब्न तैमिया (१२६३-१३२८) यांनी परधर्मीयांच्या सणांत भाग घेण्यास कठोर विरोध केला. त्यांचे शिष्य इब्न अल-कय्यिम यांनी तर अशा सणांच्या शुभेच्छा देणेही निषिद्ध मानले. आजही अनेक सलफी विद्वान हेच मत मांडतात.

दुसऱ्या बाजूचे विद्वान कुराणातील अन्य वचनांकडे लक्ष वेधतात. जे तुमच्याशी धर्मासाठी लढले नाहीत, त्यांच्याशी सौजन्याने व न्यायाने वागण्यास मनाई नाही, असा ६० व्या अध्यायातील आठव्या वचनाचा आशय आहे. कोणी अभिवादन केल्यास त्याहून चांगले अभिवादन परत करावे, असे चौथ्या अध्यायात सांगितले आहे. पाचव्या अध्यायानुसार ग्रंथधारकांचे, म्हणजे यहुदी व ख्रिस्ती लोकांचे, अन्न मुसलमानांस वैध आहे. याच भूमिकेतून इजिप्तमधील 'दार अल-इफ्ता' ही फतवा देणारी अधिकृत संस्था नाताळच्या शुभेच्छा देण्यास अनुमती देते. मात्र परधर्माच्या उपासनेत भाग घ्यावा, असे हे विद्वानही म्हणत नाहीत. मतभेद आहे तो मुख्यतः शुभेच्छा, भेटवस्तू, भोजन आणि उपस्थिती यांविषयी.

येथे 'फतवा' या शब्दाविषयीही सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ 'हुकूम' असा घेतला जातो. प्रत्यक्षात फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर धर्मशास्त्रज्ञाने दिलेले मत. म्हणूनच एकाच प्रश्नावर भिन्न फतवे आढळतात.

वीस कोटींहून अधिक मुसलमान असलेल्या इंडोनेशियाचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे १९७० च्या दशकात शाळा व कार्यालयांतून सर्वांनी मिळून नाताळ साजरा करण्याची प्रथा वाढली. तेव्हा ७ मार्च १९८१ रोजी इंडोनेशियन उलेमा परिषदेने अशा नाताळ समारंभात भाग घेणे मुसलमानांना हराम असल्याचा फतवा काढला. व्यावहारिक जीवनात अन्य धर्मीयांशी मिळून-मिसळून राहण्यास परिषदेने हरकत घेतली नव्हती. श्रद्धा व उपासना यांची सरमिसळ तिला नको होती. शासनाने फतव्याविषयी तीव्र नाराजी दर्शविली. तेव्हा परिषदेचे अध्यक्ष, प्रसिद्ध लेखक व कुराणाचे भाष्यकार हमका यांनी त्याच वर्षी मे महिन्यात पदाचा राजीनामा दिला.

त्या फतव्यात शुभेच्छांचा स्पष्ट उल्लेख नव्हता. त्यामुळे तो वाद पुढेही चालू राहिला. कुराण-भाष्यकार कुरैश शिहाब यांनी आपली श्रद्धा सांभाळून शुभेच्छा देता येतात, असे मत मांडले. 'मरियम' या अध्यायात हजरत ईसा स्वतःच्या जन्मदिनी शांती असल्याचे बोलतात, याचा त्यांनी आधार घेतला. पुढे २०१६ मध्ये उलेमा परिषदेने आणखी एक फतवा काढून अन्य धर्मांची धार्मिक चिन्हे व वेश वापरणे निषिद्ध ठरविले. दुकानांतील मुस्लिम कर्मचाऱ्यांना सांताक्लॉजची टोपी घालावयास लावण्याचा प्रश्न त्यामागे होता.

याच देशात २४ डिसेंबर २००० च्या रात्री अनेक चर्चवर बॉम्बहल्ले झाले. पूर्व जावातील मोजोकर्तो येथे एबेन हाएझर चर्चच्या रक्षणासाठी 'नहदलतुल उलेमा' या मुस्लिम संघटनेचे तरुण स्वयंसेवक उभे होते. त्यांपैकी रियांतो या तरुणाने बॉम्ब असलेले पुडके लोकांपासून दूर नेताना प्राण गमावले. तो नाताळच्या उपासनेसाठी आलेला नव्हता. उपासना करणाऱ्यांच्या रक्षणासाठी आला होता.

आपल्या ख्रिस्तसभेलाही ही मर्यादा अपरिचित नाही. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसी येथे विविध धर्मांच्या प्रतिनिधींना प्रार्थनेसाठी एकत्र बोलावले, तेव्हा सर्वांची मिळून एक प्रार्थना न ठेवता प्रत्येकाने आपापल्या रीतीने प्रार्थना केली. दुसरीकडे, १९६७ पासून व्हॅटिकनकडून रमजान व ईदनिमित्त मुस्लिम बांधवांना शुभेच्छासंदेश पाठविला जातो. पूजेचा प्रसाद घ्यावा की नाही, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. त्या वेळी शेजाऱ्याने आपला संकोच समजून घ्यावा, अशी आपली अपेक्षा असतेच ना?

म्हणून येत्या नाताळला मुस्लिम कुटुंबास अवश्य बोलवावे. प्रार्थना किती वाजता व भोजन किती वाजता, हे आधीच सांगावे, म्हणजे त्यांना सोयीची वेळ निवडता येईल. मांसाहार असल्यास तो हलाल असावा आणि मद्याचा आग्रह नसावा. शाळेच्या नाताळ नाटिकेत मुस्लिम मुलाला भूमिका देण्यापूर्वी त्याच्या पालकांना विचारावे. कोणी शुभेच्छा दिल्या नाहीत, तरी ईदच्या दिवशी आपण त्यांना शुभेच्छा देण्यास चुकू नये.

५ सप्टेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जकार्ता येथील इस्तिकलाल मशिदीस भेट दिली, तेव्हा ते मशीद व समोरचे कॅथेड्रल यांना जोडणाऱ्या 'मैत्रीच्या बोगद्या'पाशी थांबले होते. नाताळच्या दिवशी मशिदीच्या आवारात ख्रिस्ती भाविकांची वाहने उभी राहतात, तर ईदच्या दिवशी कॅथेड्रलचे आवार मुस्लिम भाविकांसाठी खुले असते. उपासना मात्र ज्याची त्याची, आपापल्या मंदिरात होते. आपल्या धर्मग्रामांतही एवढा शेजारधर्म पाळता येईल, असा आमचा विश्वास आहे.