एका साइट-ब्लॉकची मिळवणी

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच्याभोवतीची वर्तुळं अडीच-अडीच मिलिमीटरने बाहेर सरकत जातात. गुण दशांशात मोजतात, त्यामुळे छर्ऱ्याचं केंद्र पाव मिलिमीटर ढळलं की १०.९ चे १०.८ होतात. पात्रता फेरीत असे ६० नेम उभ्याने धरायचे, ७५ मिनिटांत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राला सुवर्ण मिळालं ते पात्रता आणि अंतिम फेरी मिळून ७००.५ गुणांवर; रौप्यविजेत्या झू चिनानचे ६९९.७ होते. फरक ०.८ गुणांचा. टार्गेटवर मोजला तर तो दोन मिलिमीटर भरतो.

त्याच अंतिम फेरीआधी सरावाचा नेम भलतीकडे गेला आणि आपल्या बंदुकीची साइट, म्हणजे जिच्यातून पाहून नेम धरतात ती, हलली आहे हे बिंद्राच्या लक्षात आलं, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे. हाताशी असलेल्या मोजक्या मिनिटांत त्याने ती पुन्हा जुळवली. नेमबाजीवर आपण लिहितो तेव्हा श्वास, एकाग्रता, मनाची तयारी यांवर भरभरून लिहितो. बंदुकीवर साइट कशी बसली आहे, ती जागची हलते का, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला ते बोलायचं आहे.

ब्लॉक लागतो कशाला?

उंच मानेच्या नेमबाजाला कारखान्यातून आलेल्या साइटमधून पाहायचं तर मान खाली घालावी लागते. मान झुकली की डोळा वर वळवून पाहावं लागतं आणि ६० नेमांमध्ये थकवा येतो. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या आणि मागच्या साइटखाली सारख्या उंचीचे ब्लॉक बसवणं. साइट डोळ्याच्या रेषेत येते, मान सरळ राहते. नियमांना हे चालतं. मात्र बंदुकीचं वजन साडेपाच किलोच्या आत राहिलं पाहिजे.

मूळ कंपनीचा ब्लॉक महाग पडतो, मिळायला वेळ लागतो. म्हणून बरेच जण दुसऱ्या कुणी बनवलेला अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक घेतात. इथे अडचण सुरू होते. ब्लॉक ज्या पट्टीवर चढतो त्या बंदुकीवरच्या रेलला सगळे ‘११ मिलिमीटर’ म्हणतात, पण बाजारातल्या एअर रायफलींच्या रेली प्रत्यक्षात साडेनऊपासून जवळपास १४ मिलिमीटरपर्यंत रुंद सापडतात. रेलच्या तिरक्या बाजूंचा कोनही एकसारखा नसतो. कुणी ४५ अंशांत कापतो, कुणी ६० अंशांत. ब्लॉकचा रेल पकडणारा जबडा एका कोनाचा असून दुसऱ्या कोनाच्या रेलवर चढवला, तर दोन पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण भिडत नाहीत, फक्त एक कड टेकते. स्क्रू आवळला की ब्लॉक हाताला घट्ट लागतो, पण असतो कडेवर तोललेला.

आता हिशोब मांडू. ११ मिलिमीटर रुंदीच्या रेलवर एका बाजूला ०.०३ मिलिमीटरची फट आहे, म्हणजे केसाहूनही बारीक. रेलपासून मागच्या साइटचं छिद्र साधारण ४० मिलिमीटर उंच आहे. ब्लॉक त्या फटीइतका कलला की वर छिद्र ०.११ मिलिमीटर सरकतं. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ८०० मिलिमीटर अंतर धरलं, तर दहा मीटरवर हीच चूक १.३ मिलिमीटरच्या पुढे जाते. एका नेमामागे अर्धा गुण! ब्लॉक जितका उंच, तितकी खालची फट वर मोठी होऊन येते.

नेम असा ढळला की ‘उन्हाने धातू फुगला’ असं अनेकदा म्हटलं जातं. पोलादी रेल आणि अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक असेल, तर तापमानात २५ अंशांचा फरक पडूनही ११ मिलिमीटर रुंदीत दोघांच्या प्रसरणातला फरक सुमारे ०.००३ मिलिमीटर येतो, म्हणजे आपल्या फटीचा दहावा भाग. दोष उन्हाचा नाही, मिळवणीचा आहे.

शाई काय सांगते?

दुरुस्तीला हात लावण्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची, हवेचा सिलिंडर काढायचा, आत उरलेली हवा सोडून द्यायची आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवायची. मग रेल आणि जबडा स्पिरिटने पुसून घ्यायचे. तेलाचा पातळ थर राहिला तरी पुढची सगळी तपासणी फसवी ठरते.

रेलच्या दोन्ही तिरक्या बाजूंवर मार्करची शाई फिरवायची. वाळली की ब्लॉक चढवून स्क्रू हलके आवळायचे, अर्धा मिलिमीटर पुढे-मागे सरकवून उतरवायचा आणि भिंगातून पाहायचं. नीट बसणाऱ्या ब्लॉकने शाई पूर्ण लांबीभर सारखी खरवडलेली असते. न बसणाऱ्याची खूण वेगळीच: डाव्या बाजूला पुढे तांदळाएवढा चकचकीत ठिपका, उजवीकडे मागच्या टोकाला बारीक रेघ, मधली शाई जशीच्या तशी. ब्लॉक दोनच जागी टेकतो आहे आणि त्या दोन जागांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर डुलतो आहे. हे डुलणं कितीचं आहे ते फट मोजायच्या फीलर गेजची पाती सरकवून मोजायचं.

इथे मोह होतो तो स्क्रू आणखी आवळायचा. तो टाळायलाच हवा. जोराने अ‍ॅल्युमिनियम वाकतं, आटे सैल होतात आणि टेकलेली कड रेलवर कायमचा वळ उमटवते. कागदाची घडी किंवा चिकटपट्टी घालणं हाही उपाय नव्हे. ती दर दिवशी थोडी थोडी दबत जाते आणि साइटची जुळवणी रोज ढळत राहते.

कानस चालवायची ती ब्लॉकवर, रेलवर कधीही नाही. रेल बंदुकीचा भाग आहे, ब्लॉक बदलता येतो. शाईने दाखवलेला उंचवटा तेवढाच बारीक कानशीने दोन-तीन हात फिरवून घासायचा, पुन्हा शाई, पुन्हा चढवणं, पुन्हा पाहणं. ब्लॉकचा तळ टेकत नसेल तर जाड सपाट काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर तो घासायचा. जबडा मुळातच रुंद असेल तर ०.०५ मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याची शिम पूर्ण लांबीची कापून घालायची. अर्धी शिम म्हणजे नवा उंचवटा. कोनच जुळत नसेल तर घासत बसू नये, तो ब्लॉक परत करावा. शेवटी स्थिर जबडा रेलला भिडवून स्क्रू आलटून-पालटून पाव-पाव फेऱ्याने आवळायचे.

काम झालं की नाही, हे टार्गेटच सांगतं. बंदूक टेकूवर ठेवून पाच छर्रे मारायचे, ब्लॉक उतरवून पुन्हा चढवायचा आणि आणखी पाच मारायचे. दोन्ही समूह एकमेकांवर पडले तरच मिळवणी झाली म्हणायची.

फिटर आणि नेमबाज

या कामात परदेशी किंवा गूढ असं काही नाही. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना सुरुवातीला हेच शिकवतात: कानस सपाट चालवणं, शाई लावून उंचवटे शोधणं, दोन तुकडे एकमेकांत मिळवणं. कोल्हापूरचं उद्यमनगर तर अशा हातांसाठीच ओळखलं जातं. त्याच कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे हे नेमबाज दिले. एअर रायफलमध्ये अंजली भागवत सिडनीच्या आणि सुमा शिरूर अथेन्सच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचल्या. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत जगज्जेता झाला. नेमबाज आपल्याकडे आहेत, फिटरही आहेत. या दोघांची गाठ पडायला हवी.

जिल्ह्याच्या रेंजवर एक मजबूत टेबल, एक व्हाइस, फीलर गेज, व्हर्निअर, सपाट काच आणि आठवड्यातून एक दिवस येणारा जाणता फिटर एवढी सोय अवघड नाही. ती झाली तर उसन्या बंदुकीवर सराव करणाऱ्या मुलीला समजेल की अर्धा गुण तिच्या हातून जात नाही, तो ब्लॉकखालच्या फटीतून जातो. आज अशा वेळी ती स्वतःलाच दोष देते आणि चांगली बसलेली उभं राहण्याची ढब बदलत सुटते. पोरांच्या मनावर मेहनत घेण्याआधी त्यांच्या बंदुकीचे स्क्रू उघडून पाहणं, हे प्रशिक्षकाचं पहिलं कर्तव्य आहे असं मी मानतो.